पिएर प्वाव्र : पाऊस राखण्यासाठी कायदा करणारा माणूस



पांपलमूसच्या बागेत कधीच गेला नाही असा माणूस आपल्या बेटावर सापडणे कठीण. शाळेची सहल तेथे, पाहुणे आले की तेथे, लग्नाचे फोटोही तेथेच. तळ्यातली परातीएवढी पाने पाहायची, सर शिवसागर रामगुलाम यांच्या समाधीला हात जोडायचे आणि घरी परतायचे, असा आपला शिरस्ता. परंतु त्या बागेतल्या एका रस्त्याला ज्याचे नाव आहे तो प्वाव्र कोण, असे मुलांनी विचारले तर मोठी माणसे गप्प होतात. फार तर कोणी म्हणतो, तो लवंग आणि जायफळ आणणारा फ्रेंच साहेब.

ते खरेच आहे, पण अर्धे. या माणसाने बेटावर आणलेल्या झाडांबद्दल त्याला लोक ओळखतात. बेटावर जी झाडे आधीपासून होती ती वाचविण्यासाठी त्याने काय केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून आज त्याची जीवनकथा सांगावयाची आहे.

पिएर प्वाव्र यांचा जन्म २३ ऑगस्ट १७१९ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात एका व्यापारी कुटुंबात झाला. ल्यों म्हणजे रेशमाचे शहर. प्वाव्र या शब्दाचा फ्रेंच भाषेत अर्थ मिरी. पुढे ज्याचे सारे आयुष्य मसाल्याच्या मागे जायचे होते त्याचे आडनावच मिरी असावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मुलगा हुशार होता. ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्थेत त्याचे शिक्षण झाले आणि विशीच्या सुमारास त्याला पूर्वेकडे पाठविण्यात आले. चीनमधील कॅन्टन आणि नंतर कोचिनचीन, म्हणजे आजच्या व्हिएतनामचा एक भाग, येथे तो राहिला. धर्म शिकवायला गेलेला हा तरुण शेती पाहात बसे. भात कसे लावतात, पाणी कसे अडवतात, डोंगरउतारावर काय पेरतात, याकडे त्याचे डोळे लागलेले असत.

१७४५ साली परतीच्या प्रवासात घात झाला. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होते. सुमात्राजवळच्या समुद्रात इंग्रज जहाजांनी त्यांच्या जहाजावर हल्ला केला आणि तोफेच्या गोळ्याने प्वाव्र यांचा उजवा हात गेला. कैदी म्हणून त्यांना बटावियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, उतरविण्यात आले. वय पंचवीस, हात एक, आणि पाद्री होण्याची वाट कायमची बंद. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. प्वाव्र डाव्या हाताने लिहायला शिकले आणि बटावियात राहून डच लोकांचा धंदा कसा चालतो ते न्याहाळू लागले.

तो धंदा कसा होता हे समजून घेतले पाहिजे. आपण पुरणात जायफळ किसून घालतो, भाताला लवंगेची फोडणी देतो, आणि डबी संपली की दुकानातून दुसरी आणतो. त्या काळी जायफळ फक्त बांदा बेटांवरून आणि लवंग आंबोइना भागातून मिळत असे, आणि ती सारी बेटे डच कंपनीच्या मुठीत होती. भाव उतरू नये म्हणून कंपनी इतर बेटांवरची झाडे तोडून टाकी. रोप किंवा उगवणारे बी चोरून नेणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. हे रोप फ्रेंचांच्या बेटावर लावायचे, असे प्वाव्र यांनी मनाशी ठरविले.

तेथून पाँडिचेरी, तेथून गव्हर्नर ला बूर्दोने यांच्याबरोबर आपले बेट, असा त्यांचा प्रवास झाला. तेव्हा या बेटाचे नाव इल द फ्रान्स होते. १७४८ मध्ये ते मायदेशी पोचले, आणि फ्रेंच कंपनीने त्यांना पुन्हा पूर्वेला पाठविले. अनेक खटपटी करून १७५३ च्या अखेरीस त्यांनी मनिलाहून जायफळाची मोजकी रोपे पोर्ट लुईला आणली. ती जगली नाहीत. कंपनीचे वनस्पतीतज्ज्ञ फ्यूजे ओब्ले यांनी ती मुद्दाम मारली असा प्वाव्र यांचा आरोप होता, तर ही खरी मसाल्याची झाडेच नव्हेत असे ओब्ले यांचे म्हणणे होते. त्यानंतर मोलुक्का बेटांकडे केलेली दुसरी फेरीही फसली. १७५६ मध्ये ते निराश होऊन निघाले तर वाटेत पुन्हा इंग्रजांच्या हाती सापडले. १७५७ मध्ये ते कसेबसे फ्रान्सला पोचले.

पुढची दहा वर्षे त्यांनी ल्यों जवळच्या आपल्या मळ्यात काढली. शेतीवर ते व्याख्याने देत. त्या व्याख्यानांचे पुस्तक १७६८ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या देशाचे राज्य चांगले की वाईट हे त्या देशाच्या शेतावरून ओळखावे, असा त्यांचा विचार होता. कोचिनचीनमध्ये स्वतंत्र शेतकरी जी साखर पिकवतात ती अमेरिकेतल्या गुलामांनी काढलेल्या साखरेपेक्षा स्वस्त पडते, म्हणून गुलामी ही अन्यायाची तर आहेच, शिवाय तोट्याचीही आहे, असेही त्यांनी मांडले. १७६६ मध्ये फ्रांस्वाझ रोबँ या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. आता आयुष्य स्वस्थपणे जाईल असे वाटत असतानाच राजाचे बोलावणे आले.

फ्रेंच कंपनी कर्जात बुडाली होती आणि राजाने बेटे आपल्या ताब्यात घेतली होती. गव्हर्नरकडे सैन्य आणि दुसऱ्या एका अधिकाऱ्याकडे सारा मुलकी कारभार, अशी नवी व्यवस्था झाली. तो दुसरा अधिकारी म्हणजे पिएर प्वाव्र. १७६७ च्या जुलैमध्ये ते पत्नीसह पोर्ट लुईला उतरले.

त्यांनी काय पाहिले? डच लोक १७१० मध्ये बेट सोडून गेले होते. त्यांच्या काळात डोडो नाहीसा झाला आणि किनाऱ्याजवळची काळ्या लाकडाची झाडे तोडून नेली गेली, तरी आतले रान बहुतेक उभे होते. फ्रेंचांची वस्ती १७२१ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या ४६ वर्षांत जहाजे बांधायला, घरे बांधायला, लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा पुरवायला कुऱ्हाड चालतच राहिली. जमीन मिळाली की रान पेटवायचे, चार पिके काढायची आणि पुढे सरकायचे, ही वहिवाट झाली होती. ओढे आटत होते, माती वाहून समुद्रात जात होती.

आल्या आल्या प्वाव्र यांनी जमीनदारांना जमवून त्यांच्यापुढे हा विषय मांडला. जंगल गेले तर पाऊस जाईल, पाऊस गेला तर पीक जाईल, आणि मग हे बेट राहण्याजोगे उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. झाडे पाऊस आणतात ही कल्पना तेव्हा विद्वानांत नवी होती. आज आपण जाणतो की पावसाचे गणित इतके सोपे नाही. परंतु डोंगरावरचे रान धुके अडवते, माती धरून ठेवते आणि पडलेले पाणी हळूहळू ओढ्याला सोडते, ही गोष्ट आजच्या शास्त्रानेही खरी ठरविली आहे. मार्गाचा नकाशा थोडा चुकीचा होता, पण माणूस योग्य गावी पोचला.

नुसत्या भाषणाने काम भागत नाही हे त्यांना कळत होते. १६ नोव्हेंबर १७६९ रोजी जमीन साफ करणे आणि जंगल राखणे याविषयीचा नियम जारी झाला. प्रत्येक जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगल म्हणून राखावा, विशेषतः डोंगराच्या उभ्या उतारावर. जेथे उजाड झाले तेथे पुन्हा झाडे लावावीत. नदी, ओढा किंवा तळे यांच्यापासून सुमारे २०० यार्डांच्या आतले रान तोडू नये. राज्याच्या फायद्यासाठी लाकूड राखण्याचे कायदे युरोपात आधीपासून होते. पण हवा, पाणी आणि माती सांभाळण्यासाठी जंगल राखावे असे सांगणारा हा नियम जगातल्या अगदी सुरुवातीच्या नियमांपैकी एक आहे, असे आजचे इतिहासकार मानतात. आणि तो पॅरिसमध्ये जन्मला नाही. तो आपल्या या छोट्या बेटावर जन्मला.

एकटा माणूस हे करू शकला नसता. निसर्गाचे जाणकार भोवती जमविण्याची हातोटी प्वाव्र यांच्याजवळ होती. १७६८ च्या नोव्हेंबरमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे बूगँव्हिल यांचे जहाज पोर्ट लुईला लागले. त्यातील वनस्पतीतज्ज्ञ कोमेर्सों यांना प्वाव्र यांनी येथेच ठेवून घेतले. आपल्या अंगणातल्या बोगनवेलीला बूगँव्हिल यांचे नाव दिले गेले ते याच कोमेर्सों यांच्यामुळे. पुरुषाच्या वेषात जहाजावर राहिलेली त्यांची मदतनीस जान बारे हीही त्यांच्याबरोबर येथे उतरली. पुढे पॉल आणि व्हर्जिनी यांची कथा लिहिणारे बर्नार्दँ द सँ-पिएर हेही त्याच सुमारास बेटावर होते आणि प्वाव्र यांच्या घरी त्यांचे जाणे-येणे होते. बेटावरचा पहिला छापखानाही प्वाव्र यांच्याच कारकिर्दीत आला.

मसाल्याचे वेडही सुटले नव्हते. त्यांनी प्रोव्हो नावाच्या विश्वासू माणसाला दोन जहाजांसह पूर्वेला धाडले. २० वर्षांपूर्वी जे जमले नव्हते ते या वेळी जमले. १७७० च्या जूनमध्ये शेकडो रोपे आणि अंकुर फुटलेली हजारो जायफळे पोर्ट लुईला उतरली. १७७२ मध्ये दुसरी खेप आली. मों प्लेझीर येथील जागा प्वाव्र यांनी स्वतः घेऊन तेथे बाग वाढविली होती. रोपे तेथे लागली. तीच आपली पांपलमूसची बाग. पुढे सेरे या निष्ठावंत माणसाने ती सांभाळली. १७७६ मध्ये पहिल्या लवंगा खुडल्या गेल्या आणि १७७८ मध्ये पहिले जायफळ मिळाले. डचांची मक्तेदारी मोडली. फ्रेंचांच्या बेटांवरूनच लवंग नंतर झांजिबारला गेली आणि तेथे तिचे मोठे राज्य झाले.

असा हा माणूस. पण शिक्षकाने मुलांना थोरांची एकच बाजू सांगू नये. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

गुलामीविरुद्ध लिहिणारे प्वाव्र ज्या बेटाचे कारभारी झाले त्या बेटावर दर पाच माणसांतली सुमारे चार माणसे गुलाम होती. मोझांबिक, मादागास्कर आणि काही भारतातूनही आणलेली ही माणसे झाडे तोडीत, रस्ते बांधीत, बागेत पाणी घालीत. मालकांनी त्यांना माणुसकीने वागवावे असे प्वाव्र यांनी सांगितले, पण त्यांची बेडी काही तुटली नाही. ज्या डोंगरउतारावरचे रान त्यांनी राखले त्याच रानात पळून गेलेले गुलाम लपत असत. एकाच जंगलाचा अर्थ कारभाऱ्याला पाणी, तर त्या माणसांना मोकळा श्वास. ल मोर्न डोंगर हे त्या माणसांचे मोठे आश्रयस्थान. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात घेतले, ते त्याच्या देखणेपणासाठी नव्हे, तर या आठवणीसाठी.

दुसरी गोष्ट झाडांची. बाहेरून आणलेले प्रत्येक झाड आपल्या जागी राहात नाही. प्वाव्र यांच्याच योजनेतून १७७२ मध्ये सेशेल्सच्या माहे बेटावर मसाल्याची बाग लावली गेली. तिच्यातली दालचिनी पक्ष्यांनी डोंगरभर पसरविली आणि आज तेथल्या मूळच्या झाडांना तिने दाबून टाकले आहे. जंगल वाचविणाऱ्याच्या हातूनच जंगलाला धक्का बसावा, हा धडा मोठा आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण आज आपल्याला ठाऊक आहे.

प्वाव्र यांचे येथले दिवस सुखाचे गेले नाहीत. पहिल्या गव्हर्नरशी, द्युमा यांच्याशी, त्यांचे इतके बिनसले की द्युमा यांना परत बोलावण्यात आले. दुसऱ्याशीही खटके उडाले. जमीनदारांना चौथा हिस्सा राखणे म्हणजे चौथा हिस्सा उत्पन्न बुडणे वाटे. १७७२ मध्ये प्वाव्र बेट सोडून गेले आणि जाताना बाग राजाच्या हवाली झाली. ६ जानेवारी १७८६ रोजी ल्यों येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे कायद्याचे काय झाले? कागदावर तो राहिला, रानात पुष्कळदा मोडला गेला. १८०४ मध्ये गव्हर्नर देकाँ यांनी डोंगर आणि नद्यांकाठचे रान राखण्याचा नवा हुकूम काढला. १८१० मध्ये इंग्रज आले. १८२५ नंतर आपल्या साखरेला इंग्लंडच्या बाजारात सवलत मिळाली आणि ऊस डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढला. १८३४ पासून गिरमिटिया मजूर येऊ लागले. रत्नागिरी आणि कोकणपट्टीतले आपले पणजोबाही मुंबई बंदरातून याच जहाजांनी आले. रान तोडून ऊस लावणारे हात आता आपल्या माणसांचे झाले. हुकूम त्यांचा नव्हता, फायदाही त्यांचा नव्हता, पण कुऱ्हाड आणि फावडे त्यांच्या हाती होते. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीत हजारो माणसे मेली, तेव्हा अनेकांना जंगलतोडीची आठवण झाली.

आज चांगल्या स्थितीतले मूळचे रान आपल्या बेटावर २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे. जे उरले त्यातला मोठा भाग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या उंच, अडचणीच्या डोंगरांत आहे. १९९४ मध्ये ६,५०० हून अधिक हेक्टरांचे हे रान आपले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९७४ मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे रानात फक्त ४ पक्षी दिसत होते. माणसांनी पिल्ले वाढवून, घरटी बांधून देऊन तो वाचविला. गुलाबी कबूतर आणि हिरवा पोपट यांनाही असेच मरणाच्या दारातून मागे आणले. मूळची झाडे वाचविण्यासाठी रानाचे तुकडे कुंपण घालून वेगळे केले आहेत. हरीण आणि डुक्कर आत येऊ नयेत आणि आतले परके झुडूप हातांनी उपटता यावे, यासाठी ही योजना.

ते परके झुडूप कोणते म्हणाल, तर आपल्या सर्वांच्या आवडीचे गोयाव्ह द शिन. हंगाम आला की आपण कुटुंबासह प्लेन शांपाञला जातो, पिशव्या भरतो, मीठ-मिरची लावून ती लाल फळे खातो. हा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. पण ज्या झुडपाची फळे आपण खातो तेच झुडूप काळ्या लाकडाच्या रोपाला ऊन मिळू देत नाही, हे मुलांना तेथेच उभे राहून सांगावे. फळे घरी आणावीत, बिया वाटेत थुंकीत जाऊ नये, पायवाट सोडून आत शिरू नये. एवढे केले तरी पुष्कळ.

कारण ते रान केवळ पक्ष्यांचे नाही. महाशिवरात्रीला आपण ज्या गंगातलावाला पायी जातो तो त्याच डोंगराळ भागात, उद्यानाच्या जवळच आहे. चतुर्थीला गणपतीची मूर्ती आपण ज्या नदीत विसर्जित करतो तिच्या झऱ्यांना पाणी त्याच डोंगरांवरून येते. वाक्वा, हेन्रिएता, शामारेल, ब्लॅक रिव्हर या भागांत आपल्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या संसार केले ते त्याच डोंगरांच्या सावलीत. म्हणून राष्ट्रीय उद्यान ही केवळ सरकारची जागा आहे असे समजू नये. तेथे झाडांचाही इतिहास आहे, पळालेल्या गुलामांचाही आहे आणि आपल्या आजा-आजींचाही आहे.

पिएर प्वाव्र एका हाताने जेवढे करता आले तेवढे करून गेले. त्यांची जायफळे प्रसिद्ध झाली आणि त्यांचा कायदा विस्मरणात गेला. पुढच्या खेपेस पांपलमूसला जाल तेव्हा त्यांच्या नावाच्या रस्त्यावर मुलांना थोडे थांबवा, आणि ही अर्धी राहिलेली गोष्ट पुरी सांगा. मग त्याच आठवड्यात त्यांना डोंगरावरही घेऊन जा, म्हणजे ती गोष्ट कशाविषयी होती हे त्यांना आपल्या डोळ्यांनी दिसेल.